तळटिपांविषयी थोडेसे

लेख लिहिणे ही एक गोष्ट, आणि लिहिलेला लेख विद्वानांच्या नियतकालिकाकडे धाडण्याजोगा करणे ही दुसरी. पहिलीस बुद्धी लागते असे सर्वजण मानतात. दुसरीस मात्र केवळ बैठक लागते असे म्हणून तिची बोळवण करण्याकडे सुशिक्षितांचाही कल दिसतो. कायदेशास्त्राच्या नियतकालिकांच्या बाबतीत तर विचारावयासच नको. तळटिपेचा अंक स्वल्पविरामाच्या आधी घालावा की नंतर, खटल्याचे नाव तिरप्या टंकात असावे की सरळ, ग्रंथकाराचे आडनाव पुढे की मागे, यांचे नियम छापील पुस्तिकेत पानोपानी भरलेले पाहून तरुण लेखक कपाळास हात लावतात, आणि घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, हे कारकुनी काम आहे. आमचे मत तसे नाही. ते का नाही हे सांगण्यास गेल्या पावसाळ्यातील एक प्रकरण निमित्त झाले आहे.

आमच्या थोरल्या बंधूंची नात पुण्यास कायद्याचा अभ्यास करते. तिने स्त्रीधनावर एक लेख सिद्ध करून एका नियतकालिकाकडे धाडला. पंधरा दिवसांत तो परत आला. मजकुराविषयी एक अक्षरही नव्हते. नियमांस अनुसरून पुन्हा पाठवावा, एवढेच. पोर फार खट्टू झाली. सुट्टीत रत्नागिरीस आली ती लेखाचे बाड घेऊनच, आणि आम्हांस म्हणाली, "धाकटे आजोबा, यातले संस्कृत तेवढे तुम्ही तपासा. बाकीचे टिंबमात्रांचे मी बघते." आमचे इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढे संस्कृत केले आणि जन्मभर तेच शिकविले, कायद्याशी संबंध म्हणाल तर घराच्या सातबाराच्या उताऱ्यापुरता. तथापि श्लोक तपासावयाचे म्हटल्यावर आम्ही चष्मा पुसून बसलो.

टिंबमात्रांचे म्हणून तिने जे बाजूस ठेविले होते त्यातही अर्थ आहे, हे एका उदाहरणाने दिसेल. स्त्रीधन ही पत्नीची सर्वस्वी स्वतःची मालमत्ता होय व पतीच्या हाती ती केवळ विश्वस्त म्हणून असते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात दिला. हा निकाल धुंडाळावयाचा तर पत्ता हवा. नागपूरच्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'मधील त्याचा पत्ता 'एआयआर १९८५ एससी ६२८' असा, आणि दुसऱ्या एका निकालसंग्रहातील '(१९८५) २ एससीसी ३७०' असा. पहिल्यात सालानंतर न्यायालय व मग पृष्ठ; दुसऱ्यात सालानंतर खंड, मग संग्रहाचे नाव व शेवटी पृष्ठ. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर वाचक भलत्याच वादीप्रतिवादींच्या दारात जाऊन उभा राहील. एकाच निकालाचे असे अनेक पत्ते झाल्याने गोंधळ होतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून प्रत्येक निकालास स्वतःचाच एक क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली आहे, हे योग्यच झाले.

आता हे पत्ते लिहिण्याची रीत मात्र जितकी विद्यापीठे तितकी. अमेरिकेत हार्वर्ड आदी विद्यापीठांच्या नियतकालिकांनी १९२६ पासून 'ब्लूबुक' नावाची नियमावली चालविली आहे. ऑक्सफर्डची 'ऑस्कोला' ही निराळी. एक संक्षेपाक्षरांपुढे पूर्णविराम देण्यास सांगते, दुसरी तेच पूर्णविराम वेचून काढण्यास लावते. आपल्याकडील नियतकालिकांपैकी कोणी ही पत्करतात, कोणी ती, आणि कित्येक दोहोंत आपले स्वतःचे तिसरे मिसळतात. एका ठिकाणी लेख नाकारला गेला की दुसरीकडे धाडण्यापूर्वी शेदीडशे टिपा पुन्हा नव्याने लिहावयाच्या, हा छळ आहे यात संशय नाही, आणि एवढ्यापुरते आम्ही नातीच्या बाजूस आहोत. पूर्णविरामांनी कोणाचे ज्ञान वाढल्याचे आम्ही पाहिले नाही.

परंतु श्लोक तपासू लागलो आणि प्रकरण पूर्णविरामांवर थांबेना. तिने लिहिले होते की, याज्ञवल्क्याच्या मते वारसाने आलेले धनही स्त्रीधनच होय. आणि टिपेत आधार दिला होता एका आधुनिक इंग्रजी ग्रंथाचे पृष्ठ. आम्ही मूळ काढून पाहिले. याज्ञवल्क्यस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील एकशे त्रेचाळिसाव्या श्लोकात स्त्रीधनाचे प्रकार मोजले आहेत. त्यांत वारसाचे नाव नाही. मिताक्षरेत जो पाठ आहे त्यात त्या यादीच्या शेवटी 'आद्य' हा शब्द येतो. त्या दोन अक्षरांचा अर्थ 'इत्यादी' असा करून विज्ञानेश्वराने वारसा, खरेदी, वाटणी अशा मार्गांनी आलेले सर्व धन स्त्रीधनात आणिले. बंगालच्या जीमूतवाहनाच्या पाठात तेथे 'आद्य' नाहीच, नुसते 'चैव' आहे. म्हणजे जे मत तिने याज्ञवल्क्याच्या मुखी घातले ते टीकाकाराचे, आणि तेही एका पाठावर उभे राहिलेले. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलाने वारसाने आलेल्या धनापुरता हा विस्तार मान्य केला नाही. मुंबई इलाख्यात कन्या, भगिनी यांच्या बाबतीत वाट काहीशी मोकळी राहिली. आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्ता पूर्णपणे तिची ठरेपर्यंत या दोन अक्षरांवर किती घरांतील बायकांचे अन्नवस्त्र लोंबकळत राहिले असेल याचा वाचकांनीच विचार करावा. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात न्यायालये मिताक्षरेसच मुख्य प्रमाण मानीत आली, तेव्हा हा प्रश्न आपल्यास परका नव्हे.

दुसरी अडचण याहून चमत्कारिक. तिच्या लेखात एके ठिकाणी मिताक्षरेचा निर्देश श्लोकांकाने होता व दुसऱ्या ठिकाणी 'दुसरे प्रकरण, अकरावा विभाग' असा. ही दोन स्थळे निराळी आहेत असे समजून तिने एकास दुसऱ्याचा दुजोरा म्हणून दाखविले होते. वस्तुतः स्थळ एकच. कोलब्रुकसाहेबांनी १८१० साली मिताक्षरेच्या दायविभागाचे इंग्रजी भाषांतर छापले, त्यात सोयीसाठी प्रकरणे व विभाग त्यांनी पाडले; विज्ञानेश्वरास त्यांची वार्ताही नाही. न्यायालयांत तेच आकडे रूढ झाले. कोणत्या आवृत्तीवरून, कोणाच्या भाषांतरावरून घेतले ते टिपेत सांगावे हा नियतकालिकाचा नियम तिला जाच वाटत होता. तो पाळला असता तर एका साक्षीदाराचे दोन झाले नसते. त्याचप्रमाणे मूळ ग्रंथ स्वतः न पाहता दुसऱ्याच्या पुस्तकातून उतारा घेतल्यास 'अमुक ग्रंथात उद्धृत' असे प्रांजळपणे लिहावे, हाही नियम त्या पुस्तिकेत होता. हे लिहिण्यास पुष्कळांस संकोच वाटतो. का वाटावा कळत नाही.

या बाबतीत आपल्या जिल्ह्याने कोणाकडे बोट दाखवावयाचे असेल तर ते महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्याकडे. १८८० साली चिपळुणाजवळ जन्मलेले, दापोलीस शिकलेले, काही वर्षे येथील सरकारी शाळेत शिक्षक असलेले व पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली केलेले हे गृहस्थ. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड भांडारकर संस्थेने १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केले. पृष्ठे साडेसहा हजारांवर. कोणतेही पान उघडा, वर इंग्रजी विवेचन आणि खाली बारीक टंकात मूळ संस्कृत वचने, प्रत्येकापुढे ग्रंथाचा संक्षेप व आकडा. कित्येक पानांवर वरचा मजकूर चार ओळी आणि खालचा पाऊण पान! १९६३ साली त्यांस भारतरत्न मिळाले तेव्हा लोकांनी विद्वत्तेची वाखाणणी केली. त्या बारीक टंकाची कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही. शिक्षकाची शिस्त आणि वकिलाचा सावधपणा ही दोन्ही त्या टंकात एकत्र आली आहेत असे आम्हांस वाटते.

काण्यांचेच दुसरे एक काम येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. स्त्रीधनाविषयी सर्वांत तपशीलवार सांगणारा स्मृतिकार कात्यायन. पण त्याची व्यवहारावरील स्मृती लुप्त झालेली. जुन्या निबंधकारांनी आपापल्या ग्रंथांत वचने देताना शेवटी 'इति कात्यायनः' एवढे जोडून ठेविले होते. ती ठिकठिकाणची वचने वेचून काण्यांनी १९३३ साली 'कात्यायनस्मृतिसारोद्धार' या नावाने पुन्हा एकत्र केली. त्या निबंधकारांनी अध्याय दिला नाही, अंक दिला नाही, आणि त्यामुळे अभ्यासकांस आजही डोके खाजवावे लागते; पण निदान नाव दिले. तेवढे दिले नसते तर कात्यायन गेलाच होता.

याच्या उलट आजची तऱ्हा. २०२३ साली न्यूयॉर्कमधील एका न्यायालयात वकिलांनी आपल्या बाजूचे म्हणून जे निकाल दाखल केले त्यांतील सहा कोठेच अस्तित्वात नव्हते. संगणकास विचारले, त्याने नावागावासह, पृष्ठांकासह रचून दिले, आणि यांनी पुस्तक उघडून न पाहता ते पुढे केले. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड ठोठावला. ते खोटे पत्ते दिसण्यात अगदी निर्दोष होते, हे विशेष. नुसत्या रूपास आम्ही भुलत नाही ते याचसाठी.

हे सर्व नातीस पटले, आणि चार दिवसांत टिपा मार्गास लागल्या. सारांश दोनशे शब्दांत बसविला. परीक्षकास लेखकाचे नाव कळू नये असा नियम असल्यामुळे शीर्षकाखालचे नाव काढले, आभाराचा परिच्छेद काढला. संगणकावर लिहिलेल्या मजकुराच्या पोटात लिहिणाराचे नाव आपोआप नोंदलेले असते, तेही तिने शोधून पुसले. राहिली एकच टीप, आणि ती मात्र आमच्याच घराची होती.

लेखाच्या उत्तरार्धात तिने उदाहरणादाखल लिहिले होते की, लेखिकेच्या पणजीने बागेकरिता आपल्या पाटल्या देऊन टाकल्या. पणजी म्हणजे आमच्या मातोश्री. आधार म्हणून टिपेत 'कौटुंबिक माहिती' एवढेच. 'लेखिकेची पणजी' हे शब्द तर नावाच्या नियमानेच बाद होते. तेथे 'कोकणातील एका कुटुंबातील स्त्री' असे घालावे लागले, ते तिला मुळीच आवडले नाही. परंतु आधाराचे काय? अप्रकाशित कागदपत्राचा निर्देश करावयाचा तर कागदाचे स्वरूप, तारीख, पान व तो कोठे आहे हे द्यावे लागते. तेव्हा वडिलांच्या हिशेबाच्या वह्यांचा गठ्ठा माळ्यावरून खाली काढला.

नोंद सापडली. माघ वद्य पंचमी, शके १८८६. नातीने शकात ७८ मिळवून १९६४ लिहिले. पण पौषाचा उत्तरार्ध लागला की बहुधा इंग्रजी साल उलटलेले असते व ७९ मिळवावे लागतात, म्हणून ते १९६५ चा फेब्रुवारी केले. वहीस पृष्ठांक नव्हते. मूळ कागदावर पेन्सिलही लावू नये असे सांगून आम्ही पाने मोजली व 'पान ३७, मागील बाजू' असे ठरविले. मग तिने मोडी अक्षर आमच्याकडून वाचून घेतले. नोंद अशी होती: पाटल्या जोड एक, वजन तोळे चार, कलमे व गडगा यांकरिता, सौ. खाती देणे.

"देणे?" तिने विचारले.

आमच्या घरात आजवर सर्वांनी ऐकलेले आणि सांगितलेले ते असे की, मातोश्रींनी पाटल्या दिल्या. आम्ही तेव्हा सात वर्षांचे होतो. रिकामे हात आठवतात, हिशेब ठाऊक असण्याचे कारण नव्हते. वडिलांनी मात्र त्या 'जमा' धरल्या नव्हत्या. पत्नीच्या नावाने खाते उघडून कर्ज म्हणून टाकल्या होत्या. दुष्काळ, धर्मकृत्य, व्याधी किंवा अटकाव या चार प्रसंगी घेतलेले स्त्रीधन पतीने परत न केले तरी चालते असे याज्ञवल्क्य म्हणतो. कलमे लावणे यांपैकी कशातही बसत नाही, आणि वडिलांस ते ठाऊक असावे.

नातीने पुढल्या सर्व वह्या, वडिलांच्या अखेरच्या वर्षापर्यंतच्या, आमच्याकडून पान पान वाचून घेतल्या. सौ. खाती परतफेडीची नोंद कोठेही नाही. थोरले बंधू झोपाळ्यावर बसून ऐकत होते. बागेचा कारभार गेली चाळीस वर्षे त्यांच्याकडे आहे. ते म्हणाले, "आई मागणारी नव्हती." नात म्हणाली, "आजोबा, मागितले की नाही हे वहीत नाही. देणे होते एवढे आहे." त्यावर कोणी काही बोलले नाही.

मजकुरातील 'देऊन टाकल्या' हे शब्द तिने खोडले व तेथे नोंदीतील शब्द जसेच्या तसे अवतरणात घातले. टीप चोविसावी, एका ओळीत बसली: हिशेबाची वही, माघ वद्य ५, शके १८८६ (फेब्रुवारी १९६५), पान ३७ मागील बाजू, अप्रकाशित, खासगी संग्रह. संपादकांस दाखविण्याची वेळ आल्यास असावी म्हणून त्या पानाची छायाप्रत काढण्यास ती बाजारात निघाली, तेव्हा थोरल्या बंधूंनी तिला हाक मारून, एक प्रत आपल्यासाठीही आणावयास सांगितली.