कधीकधी म्हणजे किती?

रविवार, रात्र. आज बीएच्या शेवटच्या वर्षाच्या मुली ‘आविष्कार’साठी फुलंब्रीच्या शिवारात लोकांचा मानसिक ताण मोजायला निघाल्या, मीही मागोमाग. राज्यपाल कार्यालयाने २००६ साली सुरू केलेली ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा. हातात पाच पर्यायांची प्रश्नावली, रेन्सिस लिकर्टने १९३२ साली मांडलेल्या पद्धतीची. कापूस वेचणाऱ्या आजींनी पहिल्याच प्रश्नाला अडवलं, “कधीकधी म्हंजी किती गं माय? पाऊस लांबला की रोजच!” मुली गप्प. मला मात्र मानसशास्त्र तिथंच सुरू झालं असं वाटलं. बक्षीस लागो न लागो. (लागावं, असं वाटतंच म्हणा.) परतताना एसटीत त्यांनी ‘कधीकधी’ खोडून ‘आठवड्यातून किती दिवस?’ असं लिहिलं. उद्या पुन्हा त्याच वावरात. आजी नऊच्या आत या म्हणाल्यात.