रस्ता सुधारला आणि कॉन्टेसा बिघडली!

मसल कार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हॉलिवूडचा हीरो, मागे धुळीचा लोट आणि बॉनेटखाली गुरगुरणारं व्ही-एट इंजिन. १९६४च्या पॉन्टियाक जीटीओमध्ये ६.४ लिटरचं इंजिन होतं, ताकद ३२५ हॉर्सपॉवर. आमच्या अकोल्याच्या घरी जी उभी आहे, तिची ताकद ८८. पण ते लांबलचक नाक, ते चौकोनी खांदे, आणि समोरून येताना ‘सरका बाजूला’ म्हणणारा चेहरा... एवढ्या भांडवलावर हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाला लोक ‘देशी मसल कार’ म्हणतात. म्हणू देत ना, आपलं काय जातं!

तशी ती मूळची देशीसुद्धा नाही. ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचं डिझाइन घेऊन ती कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात १९८४ पासून बनायला लागली. सुरुवातीला एवढ्या मोठ्या देहात अॅम्बेसेडरचं इंजिन होतं, म्हणजे पैलवानाला शाळकरी पोराची फुप्फुसं. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं आणि गाडी खरी धावायला लागली. २००२ मध्ये उत्पादन बंद. बाबांनी १९९६चं मॉडेल २००४ मध्ये एका कापूस व्यापाऱ्याकडून सेकंड हँड घेतलं, ते याच इसुझू इंजिनाचं. सगळे तेव्हा छोट्या, मायलेजवाल्या गाड्यांकडे पळत होते. बाबा उलट्या दिशेने गेले. आईने त्यांना अजून माफ केलेलं नाही.

तर, या गाडीच्या स्टेअरिंगला ‘प्ले’ होता. प्ले म्हणजे तुम्ही स्टेअरिंग हलवता, पण चाकांना त्याचा पत्ताच नसतो. पहिले दोन-तीन बोटं स्टेअरिंग नुसतंच फिरायचं, मग कुठे गाडी मनावर घ्यायची. बाबांचं यावर ठरलेलं उत्तर होतं, ‘रस्ताच तसा आहे.’ आणि गंमत म्हणजे ते पटायचंही. आत्या अमरावतीला राहते, त्यामुळे आमचं अकोला-अमरावती जाणं-येणं कायमचं. त्या रस्त्याचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलेलं. मूर्तिजापूर येईपर्यंत कंबरेचे सगळे मणके मोजून व्हायचे. अशा रस्त्यावर गाडी सरळ चालत नाही, ही काय तक्रार झाली?

मग जून २०२२ उजाडला. अमरावती जिल्ह्यातल्या लोणीपासून अकोला जिल्ह्यातल्या मानापर्यंत ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि आमचा तो बदनाम रस्ता थेट गिनीज बुकात जाऊन बसला. आता काय, सुसाट! पण बाबांचे हात? ते तसेच. ऐंशीच्या स्पीडला, अगदी सरळ रस्त्यावर, स्टेअरिंगवर त्यांचे हात सतत डावी-उजवी करत होते, जुन्या सिनेमातला हीरो स्टुडिओतल्या उभ्या गाडीत करतो ना, तस्सं. शेजारून ट्रक गेला की आई वरचं हँडल धरायची आणि काही न बोलता डोळे मिटायची. ते डोळे मिटणं मला फार लागायचं.

मी पुण्यात राहते, फ्रीलान्स लिहिते. महिन्या-दोन महिन्यांनी घरी येते. ‘मी चालवते ना बाबा,’ म्हटलं की उत्तर तयार, ‘हिची सवय लागते बेटा. तुला नाही झेपायची.’ बाबा आता सदुसष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांचा उजवा खांदा धरलेला असतो. वर गाडीचं री-रजिस्ट्रेशन आलेलं. खासगी गाडीला पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतं. म्हणजे २०११, २०१६, २०२१ आणि आता २०२६. वीस वर्षांवरच्या कारसाठी ही फी २०२५ मध्ये दहा हजार रुपये झाली. आईचा हिशेब सोपा होता, ‘भंगारात द्या, सुटा एकदाचे.’ बाबा जेवता जेवता उठून गेले.

या गाडीची ट्रीटमेंट आधी एकदा झाली होती. एका गॅरेजवाल्याने स्टेअरिंग ‘टाइट’ करून दिलं होतं. चार दिवस सगळे खूश. मग लक्षात आलं की वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपणहून परत सरळ येत नाही, ओढून आणावं लागतं. आणि प्ले? तो जागच्या जागी.

या वेळी बाबांच्या मित्राने एक म्हातारा मिस्त्री सुचवला. टपरीवजा गॅरेज, दारात कडुलिंब, खाली ऑइलने काळी झालेली जमीन. त्याने गाडी जॅकवर घेतलीच नाही. मला म्हणाला, ‘ताई, तुमी आत बसा. इंजन बंदच ठेवा. स्टेअरिंग हलवा. फिरवू नोका, निस्तं हलवा.’ आणि स्वतः गाडीखाली शिरला. मी स्टेअरिंग चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे करत बसले. तो एकेका सांध्यावर हात ठेवत गेला.

प्रकार असा असतो. स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, ते एका आडव्या दातेरी पट्टीवर फिरतं. त्या पट्टीला रॅक म्हणतात. रॅक डावीकडे-उजवीकडे सरकतो. त्याच्या दोन्ही टोकांना टाय रॉड, आणि टाय रॉडच्या शेवटी वाटीत बसलेला गोळा, अगदी आपल्या खांद्यासारखा. हा गोळा झिजला की दांडी हलते, पण चाक हलत नाही. मिस्त्रीची बोटं नेमकं तेच शोधत होती. एक बाजू हलतेय आणि दुसरी नाही, असा सांधा कुठला? उजवीकडचा पूर्ण गेलेला निघाला, डावीकडचा त्याच वाटेवर. रॅक बॉडीला धरून ठेवणारे रबरी बुश वऱ्हाडातल्या उन्हाने वाळून लाकूड झालेले. आणि सगळ्याचं मूळ काय? गोळ्यावरची रबरी टोपी फाटलेली. आमच्याकडची काळी माती त्यातून आत गेली, ग्रीसमध्ये कालवली गेली आणि पॉलिश पेपरसारखी घासत राहिली.

मग त्याने जॅक लावला आणि चाक आधी तीन-नऊला, मग बारा-सहाला धरून हलवलं. घड्याळाच्या काट्यांसारखं. तीन-नऊला हललं तर बहुतेक टाय रॉड, बारा-सहाला हललं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. ब्रेक दाबून धरल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग. ऑफिसला जायला सेकंड हँड हॅचबॅक घेणार असाल तर ही दोन मिनिटांची तपासणी कुणाकडून तरी नक्की करून घ्या. पेंट आणि म्युझिक सिस्टिम नंतर पाहा.

आधीच्या टाइट करण्याचं रहस्यही उलगडलं. रॅकला मागून दाबून धरणारा भाग आवळला होता. दुखणं टोकाला आणि मलमपट्टी मध्ये! त्याने तो दाब पुन्हा जागेवर आणला.

बाबांनी तरी शेवटचा बचाव केला, ‘आधी एवढं जाणवायचं नाही हो. या नव्या रोडवरच गाडी वाहते.’

मिस्त्री हात पुसत म्हणाला, ‘रोडले कायले नावं ठेवता काकाजी? रोड चांगला झाला म्हणूनच तं समजलं!’

खरंच आहे ते. खड्ड्यांच्या रस्त्यावर तुम्ही तीस-चाळीसने चालता आणि सतत काही ना काही चुकवत असता. चाकांवर कुठल्या तरी एका बाजूने जोर असतोच, त्यामुळे ढिलेपणा ताणलेला राहतो. सपाट सरळ रस्त्यावर तो जोरच नसतो. मग गाडी त्या मोकळ्या जागेत तरंगते.

गंमत सांगू? मोटार वाहन नियमांमध्येही हे सगळं लिहिलेलं आहे. १९८९च्या केंद्रीय नियमांतला ९८ वा नियम म्हणतो, स्टेअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नको, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात आणि पिना पक्क्या लॉक केलेल्या हव्यात. ३० अंश म्हणजे घड्याळातला अख्खा एक तास! मला तर हे जरा जास्तच उदार वाटतं.

मी विचारलं, जुन्याच गोळ्याला लेथवर काही करता नाही का येणार? नवे पार्ट कुठून आणायचे? मिस्त्री कॅब्युरेटरपासून दाराच्या कडीपर्यंत सगळ्याचा जुगाड करतो, पण इथे त्याने साफ मान हलवली. ‘स्टेअरिंग अन् ब्रेकात जुगाड नाई.’ मग बाबांनी कुर्ल्यापासून दिल्लीच्या काश्मिरी गेटपर्यंत फोन फिरवले. अकरा दिवसांनी पार्सल आलं. बाबांनी ते देवासमोर ठेवलं नाही, एवढंच.

जुना टाय रॉड एंड काढताना मिस्त्रीने किती आटे फिरले ते मोजले आणि नवा तितकेच आटे बसवला, म्हणजे चाकांचा कोन फार बिघडत नाही. नटात नवीन स्प्लिट पिन घातली, जुनी परत वाकवली नाही. आणि तरीही अलाइनमेंटला पाठवलं, ‘मोजणं मोजण्याच्या जागी,’ म्हणत.

दुसऱ्या दिवशी आम्ही आत्याकडे निघालो. बोरगाव मंजू ओलांडलं, स्पीड ऐंशीवर गेला, आणि गाडी चक्क वळवळायला लागली! मला धस्स झालं. मग पाहिलं तर बाबांचे हात. ते आपले जुन्या सवयीने डावी-उजवी, डावी-उजवी करत होते, आणि आता गाडी त्यांचं प्रत्येक म्हणणं ऐकत होती.

‘बाबा, हात स्थिर ठेवा ना. ती जातेय सरळ.’

त्यांनी हात स्थिर ठेवले. फार अवघड गेलं त्यांना ते. बोटं ताठ, नजर समोर, खांदे वर. एक किलोमीटर, दोन किलोमीटर. गाडी रेषेत चालली होती. बाजूने एक ट्रक धडधडत गेला. मागे आई आत्यासाठी घेतलेल्या पापडांच्या डब्याचं झाकण नीट बसवत होती, तिचं लक्षही गेलं नाही.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. बाबा बराच वेळ बॉनेटला टेकून उभे होते, खांदा चोळत. निघायची वेळ झाली तेव्हा ते गाडीला वळसा घालून डावीकडच्या दारापाशी गेले आणि किल्ली टपावरून माझ्याकडे सरकवली.

‘ऐंशीच्या वर नको नेऊ,’ म्हणाले.