उपाशीपोटीची साखर आणि परिचारिकेची नोंद

रक्तातील साखरेची तपासणी ही प्रयोगशाळेची बाब मानली जात असली, तरी तिच्या निकालाचा खरेपणा बराचसा सुई टोचण्याआधीच, म्हणजे परिचारिकेने काय विचारले आणि केसपेपरवर काय लिहिले यावर ठरतो, हे विदर्भातील ग्रामीण रुग्णालयात हे काम करणाऱ्या परिचारिकेला अनुभवाने उमगत जाते. व्याख्या तशी सरळ आहे: किमान आठ तास काही न खाता शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या द्रवभागात, अर्थात प्लाझ्मात, साखर प्रति डेसिलिटर 100 ते 125 मिलिग्रॅम भरली, किंवा 75 ग्रॅम ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनी ती 140 ते 199 आढळली, तर त्या अवस्थेस पूर्वमधुमेह म्हणतात आणि त्यापुढे मधुमेह सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटना मात्र उपाशीपोटीची खालची मर्यादा 110 धरते. त्यामुळे एकाच कागदाचे दोन दवाखान्यांत दोन अर्थ निघतात आणि ते रुग्णाला समजावणे बहुधा परिचारिकेच्याच वाट्याला येते.

अडचण व्याख्येत नसून सकाळच्या रांगेत असते. ‘उपाशी आहात ना, काका?’ या प्रश्नाला ‘हो सिस्टर, नुसता चहा घेतला’ हे उत्तर इतक्या सहजतेने येते की, त्या चहातील दोन चमचे साखर खाण्यात धरायची असते हे सांगणाऱ्यालाच संकोच वाटावा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेली मावशीही स्वतःला उपाशीच समजते. म्हणून अनुभवी परिचारिका होय-नाहीचा प्रश्न टाळून उठल्यापासून तोंडात काय काय गेले एवढेच विचारते. बोटाच्या टोकातून थेंब घेऊन ग्लुकोमीटरवर केलेली तपासणी चाळणीपुरतीच असते, निदानासाठी नव्हे. शिवाय केळे किंवा आंबा खाल्ल्यावर बोट साबणपाण्याने न धुता टोचले, तर त्वचेवरील साखरच मोजली जाते.

शिरेतून घेतलेल्या नमुन्याचे दुखणे उलटे असते. नळीतील रक्तपेशी साखर वापरतच राहतात आणि साध्या नळीत ती ताशी सुमारे 5 ते 7 टक्क्यांनी घटते. परिणामी गाडीची वाट पाहत पडून राहिलेल्या नमुन्यात 108 चा आकडा शंभराच्या आत येऊन पूर्वमधुमेहाचा रुग्ण निरोगी ठरू शकतो. फ्लोराइड असलेली करड्या टोपणाची नळी ही घट रोखते, परंतु तिचा परिणाम पूर्ण व्हायला वेळ लागत असल्याने नमुना घेतल्याची वेळ लिहिणे तिथेही सुटत नाही.

एचबीएवनसी, म्हणजे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे प्रमाण, मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते व 5.7 ते 6.4 टक्के हा त्यातील पूर्वमधुमेहाचा पट्टा होय. उपाशी राहावे लागत नसल्यामुळे ही तपासणी सोयीची वाटते. पण या पट्ट्याची सारी भिस्त पेशीच्या सुमारे 120 दिवसांच्या आयुष्यावर असते. सिकलसेलच्या आजारात पेशी लवकर नष्ट होत असल्याने आकडा फसवा कमी येतो, तर लोहाच्या कमतरतेच्या पंडुरोगात तो फसवा वाढू शकतो, आणि विदर्भात हे दोन्ही आजार अपवादाने भेटणारे नाहीत. गडचिरोलीच्या रुग्णाच्या कागदावर 5.5 दिसले म्हणून त्याला निर्धास्त घरी पाठवणे हे अज्ञान नसले, तरी घाई खचितच आहे. अशा वेळी सिकलसेलची नोंद डॉक्टरांपुढे ठेवून प्रत्यक्ष साखरेची तपासणी सुचवणे परिचारिकेच्या हाती असते.

ही दक्षता अनाठायी नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेही सुमारे 10.1 कोटी, तर पूर्वमधुमेही सुमारे 13.6 कोटी आहेत. आहार व चालण्यातील बदलांनी मधुमेह होण्याचे प्रमाण अमेरिकेतील 2002 च्या प्रयोगात 58 टक्क्यांनी, तर भारतातील 2006 च्या प्रयोगात सुमारे 28 टक्क्यांनी घटले. भारतीय आकडा लहान असला, तरी तोही औषधाविनाच मिळालेला आहे. पूर्वमधुमेह नोंदलेल्या व्यक्तीची तपासणी वर्षातून किमान एकदा पुन्हा व्हावी लागते, आणि पुढची तारीख केसपेपरवर लिहून दिल्याखेरीज ती सहसा होत नाही.