काकेगावा : वर्गणीतून उभे राहिलेले स्थानक

चिरंजीव हामामात्सु येथील एका कारखान्यात नोकरीस आहेत. त्यांच्याकडे जाण्यासाठी तोक्योहून निघालो, तेव्हा दूरध्वनीवर त्यांनी सुचविले, “अण्णा, वेगवान गाडीने सरळ इथवर येऊ नका. थांबत येणारी ‘कोदामा’ घ्या आणि एक स्थानक अलीकडे, काकेगावाला उतरा. गाव पाहून पुढे लोकलने या. तुम्हांला ते गाव आवडेल.” का आवडेल, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

काकेगावाला उतरलो, पण आमची गाडी हलेना. दोन फलाटांच्या मधून आणखी दोन मार्ग जातात. ते न थांबणाऱ्या गाड्यांसाठी. थोड्याच वेळात ताशी 285 किलोमीटरपर्यंत वेग घेणारी ‘नोझोमी’ त्यावरून निघून गेली. डबे मोजण्याची सोयच नव्हती; कानांत एक घोंगावणे उरले. ती गेल्यावर ‘कोदामा’ सावकाश मार्गस्थ झाली. मोठ्याला वाट देऊन मग आपण निघायचे, असा येथील शिरस्ता.

तोकाइदो शिनकान्सेन 1 ऑक्टोबर 1964 रोजी सुरू झाली. काकेगावा हे एदो ते क्योतो या जुन्या तोकाइदो राजमार्गावरील 53 मुक्कामांपैकी 26 वा मुक्काम, आणि 1889 पासून रेल्वेचे स्थानक. परंतु नवी गाडी शिझुओकाहून निघाली की थेट हामामात्सुला थांबे. जवळजवळ चोवीस वर्षे गावकऱ्यांनी ती केवळ जाताना पाहिली.

येथे मला आमचे गाव आठवले. बाहेरून बायपास निघाला, त्या वर्षी आमच्या जुन्या पेठेत बैठका झाल्या, निवेदने गेली, एक दिवस दुकाने बंद राहिली. पुढे ज्याला जमले त्याने नव्या रस्त्याला गाळा घेतला. वडिलांनी घेतला नाही. पेठेतले कापड दुकान आम्ही आजही चालवितो. चालवितो म्हणजे उघडतो.

काकेगावाने निराळा मार्ग धरला. जपानमध्ये स्थानिक लोकांच्या मागणीवरून नवे स्थानक करावयाचे, तर खर्चही मागणाऱ्यांनीच उचलावयाचा असतो. नगरपालिकेने तो भार अंगावर घेतला आणि त्यासाठी गावात वर्गणी फिरली. व्यापारी, कारखानदार, चहाचे मळेवाले, साधी कुटुंबे, सर्वांनी मिळून सुमारे 300 कोटी येन जमविले. 13 मार्च 1988 रोजी शिनकान्सेन येथे प्रथम थांबली. ती ‘कोदामा’च, ‘नोझोमी’ आजही थांबत नाही.

या कथेला दुसरी बाजू आहे, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते. येथूनच एक धाकटी लोहमार्गाची शाखा निघते. 1935 मध्ये तिचा पहिला भाग सुरू झाला. युद्धात किनाऱ्यालगतचा मुख्य मार्ग तुटलाच तर हामाना सरोवराच्या उत्तरेकडून वळसा असावा, हा तिचा हेतू. पुढे ती तोट्यात गेली आणि राष्ट्रीय रेल्वेने अंग काढून घेतले. तेव्हा प्रांत आणि वाटेवरील गावे यांनी भागीदारीची कंपनी काढून मार्च 1987 मध्ये ती ताब्यात घेतली. म्हणजे वेगवान गाडीसाठी झोळी फिरत असतानाच मंद गाडीही त्यांनी सोडली नाही. 67.7 किलोमीटरच्या त्या मार्गावर डिझेलवर चालणारा एकच डबा धावतो. मी गेलो तेव्हा आत शाळेची मुले होती आणि भाजीची जुडी मांडीवर घेतलेल्या एक आजीबाई.

दक्षिणेकडे शिनकान्सेनची काँक्रीटची भिंत, तर उत्तरेचे दार जुन्या लाकडी इमारतीचे. भूकंपाच्या दृष्टीने तिची डागडुजी आवश्यक झाली, तेव्हा ती पाडू नये म्हणून पुन्हा देणग्या गोळा झाल्या. 2014 साली ती जुन्याच रूपात सिद्ध झाली. बाहेर पाठीवर मोळी घेऊन चालता चालता पुस्तक वाचणाऱ्या मुलाचा पुतळा आहे. तो निनोमिया सोनतोकू (1787–1856). शेतकऱ्याचा पोरका मुलगा; गेलेली जमीन त्याने कष्टाने परत मिळविली आणि पुढे कर्जात बुडालेली गावे सावरली. त्याच्या शिकवणीत दोन शब्द येतात. ‘बुंदो’ म्हणजे मिळकत पाहून खर्चाची मर्यादा आधी आखणे. ‘सुइजो’ म्हणजे त्या मर्यादेपलीकडे उरेल ते उद्यासाठी आणि इतरांसाठी सोडणे. आपल्या परिग्रह-परिमाण व्रताची आठवण वाचकांना सहज होईल. मलाही झाली, पण त्या माणसाने त्याचा गावोगावी जमाखर्च मांडला होता, हे विशेष.

त्याच्या अनुयायांच्या संस्थेचे मुख्य सभागृह स्थानकापासून पायी जाण्याजोगे, किल्ल्याच्या शेजारी आहे. (किल्ल्याचा मनोराही 1994 मध्ये लाकडातच पुन्हा बांधलेला, तोही पाहावा.) संस्थेच्या प्रवेशद्वाराला फाटक नाही, केवळ दोन दगडी खांब आहेत. एकावर ‘नीतीचे द्वार’ असे कोरले आहे, दुसऱ्यावर ‘अर्थाचे द्वार’. वाट दोहोंच्या मधून जाते. चिरंजीवांनी मला येथे का पाठविले, ते तेव्हा उमगले.

परतताना स्थानकाजवळ हिरवा चहा घेतला आणि डब्यातल्या दशम्या सोडल्या. येथील चहाची पाने जास्त वेळ वाफवितात, त्यामुळे पेल्यात तो गढूळ हिरवा दिसतो. चवीला मात्र गोडसर. मग हामामात्सुची लोकल धरली. सुमारे 25 मिनिटांचा प्रवास. चिरंजीव फलाटावर उभे होते. पिशवी हातातून घेत त्यांनी विचारले, “खांब पाहिलेत?”

“पाहिले,” मी म्हणालो. “पेठेतल्या मंडळींची बैठक बोलवायची म्हणतो. निवेदनासाठी नव्हे. वर्गणीसाठी.”

“पहिली पावती कोणाच्या नावाची?”

तेवढ्यात फलाटावरील घोषणा सुरू झाली, आणि आम्ही दोघेही जिन्याकडे वळलो.