पाचव्या वाढदिवसाचा दुसरा दिवस

इंग्लंडमध्ये लिंकनशायर भागात एपवर्थ नावाचं गाव आहे. तीनशे वर्षांपूर्वी तिथल्या पाद्रीसाहेबांच्या घरात एक नियम होता. मूल पाच वर्षांचं झालं की दुसऱ्याच दिवशी त्याची शाळा सुरू. आदल्या दिवशी घर आवरून व्हायचं, ज्याला त्याला कामं वाटून दिली जायची, आणि सकाळी नऊ ते बारा, दुपारी दोन ते पाच आईच्या खोलीत कोणी डोकावायचं नाही अशी ताकीद असायची. तेवढ्या सहा तासांत मुलाने सगळी अक्षरं ओळखायची. आपल्याकडे दसऱ्याला मूल पाटीची पूजा करतं, पेढा तोंडात टाकतं आणि पळतं. इथे पळायची सोय नव्हती.

सुझॅना वेस्ली हे त्या आईचं नाव. तिने एकोणीस मुलांना जन्म दिला, त्यांतली दहा जगली. १७३२ साली मुलगा जॉन याने फार मागे लागून तिच्याकडून ही सगळी पद्धत पत्रात लिहवून घेतली, म्हणून आज ती आपल्याला कळते. पत्रात ती सांगते की बहुतेक मुलांना अक्षरांसाठी एक दिवस पुरला, फक्त मॉली आणि नॅन्सी यांना दीड दिवस लागला. तेवढ्यावरून तिने या दोघींना मठ्ठ ठरवून टाकलं होतं! पुढे इतर घरांतली मुलं अक्षरओळखीला किती दिवस घेतात हे पाहिलं, तेव्हा तिने आपलं मत बदललं.

अक्षरं आली की मधे बाळबोध पुस्तक वगैरे काही नाही, थेट बायबल. उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडायचा, पहिल्या ओळीतला एकेक शब्द सुटा करून वाचायचा, तीच ओळ न अडखळता येईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायची, मग दुसरी. थोरला सॅम्युएल पाच वर्षांचा होत आला तरी बोलत नव्हता. तो फेब्रुवारीत असा बसला आणि पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत अख्खा अध्याय घडाघडा वाचू लागला. संध्याकाळी पाच वाजता शाळा सुटताना सर्वांत मोठ्याने सर्वांत धाकट्याला जवळ घ्यायचं, त्याच्या खालच्याने धाकट्याच्या वरच्याला, आणि जोडीजोडीने स्तोत्र वाचायचं. याशिवाय रोज रात्री एकेका मुलाशी एकटीने बोलणं. सोमवारी मॉली, मंगळवारी हेट्टी, बुधवारी नॅन्सी, गुरुवारी जॅकी, शुक्रवारी पॅटी, शनिवारी चार्ल्स, आणि रविवारी एमिली व सुकी या दोघी. भरल्या घरात प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून एकदा तरी अख्खी आई यावी, यासाठी हे वेळापत्रक. यातला गुरुवारचा जॅकी म्हणजेच तो जॉन. मेथडिस्ट पंथाचा उगम त्याच्याकडे जातो. मोठेपणीही त्याला त्या गुरुवारची आठवण येत असे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच पत्रात सुझॅना लिहिते की मूल वर्षाचं होतं तेव्हाच त्याला छडीची भीती घालायची आणि रडायचं तर आवाज न करता रडायला शिकवायचं. मुलाचा हट्ट मोडणं ही तिच्या लेखी धर्मशिक्षणाची पहिली पायरी होती. आजच्या वाचकाला हे वाचवत नाही, आणि ते ठीकच आहे. पण हे पत्र पुढच्या पिढ्यांनी आदर्श म्हणून जपलं, तेव्हा त्यातल्या छडीसकट जपलं, हेही विसरून चालत नाही.

आज अमेरिकेत एखादं ख्रिस्ती जोडपं आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवतं, तेव्हा या एपवर्थच्या आईचं नाव हमखास निघतं. सकाळी रस्त्यावरून पिवळी बस जाते. घरात मुलं रात्रीच्याच कपड्यांत टेबलाशी बसलेली असतात. त्याच टेबलावर आधी न्याहारी झालेली असते, त्यामुळे गणिताच्या वहीला दुधाचा ओघळ लागतो. आई एका हाताने धाकट्याला सांभाळते आणि दुसऱ्या हाताने मोठ्याच्या ओळीखाली बोट फिरवते. मंडळीतल्या बायका कौतुकही करतात आणि हळूच विचारतातही, ‘पण मुलांना मित्र कसे मिळणार?’ हा प्रश्न इतक्या वेळा येतो की अशा घरांत तो चेष्टेचाच विषय झाला आहे.

घरी शिकवायचं हा विचार काही एका रात्रीत येत नाही. १९६२ आणि १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांनी घडवून आणलेली प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. अनेक श्रद्धाळू घरांना तेव्हापासून शाळा परकी वाटू लागली. काहींनी चर्चच्या खासगी शाळा काढल्या. दक्षिणेत अशा बऱ्याच शाळांमागे देवापेक्षा काळी मुलं शेजारी बसू नयेत हाच हेतू होता, आणि तो लपवण्याचेही फारसे कष्ट कोणी घेतले नव्हते. घरी शिकवण्याची लाट त्यानंतरची. गंमत म्हणजे तिच्या मुळाशी एकमेकांशी काही संबंध नसलेली दोन घराणी आहेत. एकीकडे बोस्टनचा जॉन होल्ट. त्याचा धर्माशी संबंध नव्हता. शाळा मुलांची उत्सुकता मारते, एवढंच त्याचं म्हणणं, आणि त्यासाठी त्याने १९७७ मध्ये एक छोटं मासिक सुरू केलं. दुसरीकडे रेमंड आणि डोरोथी मूर हे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे नवराबायको. रेमंड एकेकाळी केंद्रीय शिक्षण खात्यात अधिकारी होते, डोरोथी वाचन शिकवण्यातल्या जाणकार. १९७५ च्या त्यांच्या पुस्तकाचा सूर असा की लहान मुलांना पुस्तकांना जुंपायची घाई करू नका. आठ-दहा वर्षांपर्यंत त्यांना घरात, परसात, कामांत रमू द्या, अभ्यास मागाहून झपाट्याने होतो. पुढे जेम्स डॉब्सन या ख्रिस्ती प्रसारकाच्या रेडिओवरच्या कार्यक्रमातून मूर यांचं बोलणं लाखो ख्रिस्ती घरांत पोचलं.

म्हणजे बघा, सुझॅना पाचव्या वर्षी सहा तासांत अक्षरं उरकते, आणि तिचं नाव घेणारी घरं ज्यांचं ऐकतात ते मूर म्हणतात आठपर्यंत थांबा. घर नव्याने सुरुवात करतं तेव्हा खरी कुतरओढ इथे होते. शेजारची मुलगी बालवाडीतून वाचायला शिकून येते आणि आपला मुलगा मात्र सहाव्या वर्षीही गांडुळं गोळा करतो आहे. अशा वेळी आईच्या पोटात गोळा येतो. मग कोणी तरी शार्लट मेसन हे नाव सुचवतं. ही इंग्लंडच्या ॲम्बलसाइडची अविवाहित शिक्षिका. तिने १८८६ मध्ये लिहिलेलं घरच्या शिक्षणावरचं पुस्तक शंभर वर्षांनी अमेरिकेतल्या ख्रिस्ती आयांनी पुन्हा शोधून काढलं. सहाच्या आत औपचारिक धडे नकोत, त्यानंतरही धडा पंधरा-वीस मिनिटांहून मोठा नको, दिवसाचे तासन् तास मुलं मोकळ्या हवेत असावीत, आणि ऐकलेली गोष्ट मुलाने आपल्या शब्दांत परत सांगावी, असा तिचा आग्रह. गांडुळवाल्या मुलाच्या आईला यातून मोठा धीर मिळतो.

कायद्याचं मात्र वेगळं आहे. प्रत्येक राज्याचा न्याय निराळा. टेक्सासमध्ये कोणाला कळवावं लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये वर्षाची शिक्षणयोजना आधी लिहून द्यावी लागते आणि वर्षातून चार वेळा अहवाल. मिशिगनमध्ये एकेकाळी घरी शिकवणाऱ्यालाही शिक्षकाचा परवाना लागायचा. डिजोंग नावाच्या जोडप्याने परवाना घ्यायला नकार दिला, कारण आपल्या मुलांना शिकवायला सरकारची परवानगी मागणं त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हतं. त्यांच्यावर खटला झाला, दंड झाला. मुलं नीट शिकत नाहीत असा आरोप सरकारनेही कधी केला नव्हता. १९९३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, तोही चार विरुद्ध तीन. शाळेसाठीचा कर मात्र कुठल्याच राज्यात घरी शिकवणाऱ्यांना म्हणून माफ होत नाही. मूल शाळेत जावो न जावो, घरपट्टीतून तो जातोच.

घरी शिकवण्याचा निर्णय जाहीर होतो तो धर्माच्या भाषेत. मराठी बायबलात ज्या पुस्तकाला ‘अनुवाद’ म्हणतात, त्याचा सहावा अध्याय अशा घरांत पाठ असतो. त्यात घरी, वाटेवर, निजताना, उठताना मुलांच्या मनावर देवाच्या आज्ञा बिंबवाव्यात असं सांगितलं आहे. पण २०१६ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने घरी शिकवणाऱ्या पालकांना मुख्य कारण विचारलं, तेव्हा सर्वाधिक, म्हणजे ३४ टक्के मुलांच्या पालकांनी शाळेतलं वातावरण हे कारण सांगितलं. सुरक्षितता, नशा, सोबत्यांचा वाईट नाद वगैरे. २०२० च्या साथीत तर हा प्रकार फक्त गोऱ्या इव्हँजेलिकल घरांपुरता उरला नाही. जनगणना खात्याच्या पाहणीत घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण त्या वसंतात ५.४ टक्के होतं, ते शरदात ११.१ वर गेलं. काळ्या कुटुंबांत ते ३.३ वरून १६.१ वर पोचलं. ज्यांना दूर ठेवण्यासाठी एकेकाळी शाळा काढल्या गेल्या, त्यांनीच आता शाळेकडे पाठ फिरवली होती.

भाषा कुठलीही असो, निर्णय निभावते ती बहुतेक घरांत आई. दुसरा पगार जातो तो बहुधा तिचा. सुझॅनाने हे झाकून ठेवलं नाही. तिने जॉनला साफ लिहिलं की ही पद्धत चालवायची तर जगाशी संबंध तोडावा लागतो, आणि आयुष्यातली उमेदीची वीसहून अधिक वर्षं यात घालायला फारसं कोणी तयार होणार नाही. तिच्या बाबतीत ही वर्षं सुखाचीही नव्हती. नवरा, सॅम्युएल वेस्ली, कर्जापायी १७०५ मध्ये लिंकनच्या तुरुंगात जाऊन आला. १७०९ च्या फेब्रुवारीत रात्री घर पेटलं. पाच वर्षांच्या जॉनला लोकांनी एकमेकांच्या खांद्यावर चढून खिडकीतून बाहेर काढलं. घर उभं राहीपर्यंत मुलं इतरांच्या घरी विखुरली, आणि तिथे ती गावंढळ उच्चार आणि आडदांड वागणं शिकून आली म्हणून आईने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एकच गोष्ट वीस वेळा का सांगतेस असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली की एकोणीस वेळा सांगून थांबले असते तर तेवढे कष्ट फुकट गेले असते. ही आख्यायिका असेल, पण तिच्या स्वभावाशी जुळते.

तिचा आणखी एक नियम पत्रात आहे. त्या काळात तो विरळाच. मुलीला नीट वाचता येईपर्यंत शिवणकामाला बसवायचं नाही. हेट्टी नावाची तिची मुलगी आठव्या वर्षी ग्रीकमधला नवा करार वाचत होती असं सांगतात. पण वाचून जायचं कुठे? थोरला सॅम्युएल लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत गेला, जॉन चार्टरहाऊसला, चार्ल्सही वेस्टमिन्स्टरला, आणि तिघेही पुढे ऑक्सफर्डला. घरची शाळा मुलांसाठी पहिली पायरी ठरली, मुलींसाठी तीच शेवटची. पंचविशी ओलांडलेली हेट्टी एका वकिलाबरोबर पळून गेली, फसवली गेली. परत आल्यावर बापाने तिला जवळ केलं नाही, आणि १७२५ मध्ये तिचं लग्न एका नळ आणि काचा बसवणाऱ्या कारागिराशी झालं. ती चांगल्या कविता लिहीत असे. नवऱ्याला त्यांतलं काही कळत नव्हतं. घरी शिकवायला निघालेल्या आजच्या घरांत सुझॅनाचं पत्र आवडीने वाचलं जातं, हेट्टीची गोष्ट फारशी निघत नाही. ती निघायला हवी. मुलाला काय शिकवायचं याची चर्चा रात्र रात्र चालते, शिकून झाल्यावर त्याला दार कुठलं उघडणार हा विचार मागे पडतो. अशा घरांतून वाढलेल्या काहींनीच २०१३ मध्ये अमेरिकेत संघटना काढून या शिक्षणावर निदान थोडी तरी देखरेख हवी अशी मागणी लावून धरली आहे, ती उगाच नाही.

वेस्लींच्या घरानेही शाळा काही कायमची नाकारली नाही. जॉनने १७४८ मध्ये ब्रिस्टलजवळ किंग्जवूडला मुलांची निवासी शाळा काढली. तिथे पहाटे चारला उठायचं आणि खेळायला सुट्टी नाही. आईची शिस्त तशीच, गुरुवारची रात्र तेवढी वगळून. त्याचा पंथ १८७१ मध्ये विल्यम टेलर या मिशनऱ्याबरोबर मुंबईला आला, आणि इथेही मेथडिस्टांनी चर्चबरोबर शाळा काढल्या. आणि सुझॅनाची थोरली मुलगी एमिली? रविवारी रात्री आईजवळ बसणारी. ती एकेका भावंडाला शिकताना बघत मोठी झाली, तिचं लग्न लांबत गेलं, आणि पोटासाठी ती आधी लिंकनला एका निवासी शाळेत शिकवायला गेली, मग गेन्सबरोला तिने स्वतःची शाळा काढली.