शेकरूची वाट
मरोळच्या आमच्या चाळीत खार खिडकीतला भात पळवते. कॉलेजच्या वाचनालयात वाचले, की १८७६ साली अमेरिकेहून इंग्लंडात आणलेल्या करड्या खारींनी तिथल्या तांबड्या खारींचे अन्न घेतले, रोगही दिला. घरी येऊन आजीला विचारले, "आपल्या खारीनं शेकरूला हाकललं का गं?"

भीमाशंकरकडची आजी हसली. "नाही रे. शेकरू झाडावरून झाडावर जातं. मधली झाडं तोडली की त्याची वाट मोडते."

खार जमिनीवर उतरते, म्हणून शहरात टिकते. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी. पण मरोळला त्याची वाट येत नाही.

घरातला मी पहिलाच कॉलेजात गेलो. आजीची वाट गावात कुठे मोडली, हे मात्र कधी विचारले नव्हते. त्या रात्री विचारले.