दोन फाउस्तिना

रोमन फोरममध्ये व्हिया साक्रावरून चालताना एक देऊळ लांबूनच नजरेत भरतं. समोर हिरवट शिरांच्या संगमरवराचे सहा खांब, एकेक 17 मीटर उंच. मागे मात्र चर्च आहे आणि त्याचं दार पायऱ्यांच्या वर अधांतरी राहिलंय. ते बसवलं तेव्हा फोरम मातीखाली होता आणि जमीन थेट उंबऱ्याला टेकत होती.

माथ्यावर आधी अंतोनिनसचं नाव, खाली फाउस्तिनाचं. पण देऊळ मुळात तिचं एकटीचं. 140 मध्ये ही थोरली फाउस्तिना वारली. सिनेटनं तिला देवत्व दिलं आणि सम्राट अंतोनिनस पायस याने बायकोसाठी हे देऊळ बांधायला घेतलं. 161 मध्ये तो गेला, तेव्हा त्याचं नाव वरच्या ओळीत चढलं. राणीच्या देवळात राजा मागाहून आला, हे मला फार आवडलं.

मग तेर्मिनी स्टेशनाजवळचं पालात्सो मास्सिमो संग्रहालय. रोमची नाणी बघायची तर त्याच्या तळघरात उतरावं. थोरलीची बहुतेक नाणी तिच्या मृत्यूनंतरची: एका बाजूला तिचा चेहरा आणि ‘दिवा फाउस्तिना’, दुसरीकडे चिरंतनता, भक्ती किंवा धान्यदेवता सेरेस. अंतोनिनसनं तिच्या नावानं गरीब मुलींच्या पालनपोषणाची सोय केली, तिचंही नाणं पाडलं. राज्यकर्त्याच्या शोकातून मुलींच्या पोटाला अन्न मिळावं, याहून चांगलं स्मारक मला सुचत नाही.

धाकटी फाउस्तिना ही तिची मुलगी, पुढे सम्राट झालेल्या मार्कस ऑरेलियसची बायको. 147 मध्ये पहिलं मूल झालं आणि तिला ‘ऑगस्टा’ किताब मिळाला. तिच्या नाण्यांवर ‘फेकुंदितास’, म्हणजे सुफलता, पुन्हा पुन्हा येते: उभी स्त्री, कडेवर दोन मुलं, पायाशी आणखी दोन. टांकसाळीनं जन्म तेवढे मोजले. तिला निदान तेरा मुलं झाली, त्यातली कितीतरी लहानपणीच गेली. ती मोजणारं नाणं नाही, आणि मला या दालनात तीच उणीव सर्वात जास्त जाणवली.

161 मध्ये तिला जुळे मुलगे झाले. ‘युगाचं सौभाग्य’ अशा अक्षरांखाली दोन्ही तान्ही बाळं सिंहासनावर बसवलेलं नाणं निघालं. त्यातलं एक चार वर्षांचं होऊन गेलं. दुसरा कमोडस. तो सम्राट झाला आणि कटात सापडलेल्या सख्ख्या बहिणीला, लुसिलाला, त्यानं ठार करवलं. तिच्याही नाण्यांवर सलोख्याची देवता कोंकोर्दिया आहे.